पोराला-पोरीला पहिली गाडी देताय? कोणती घ्यायची अन् कशी शिकवायची

दसरा-पाडवा आला किंवा उसाचं बिल खात्यावर जमा झालं की तालुक्याच्या गावातल्या शोरूमपुढं गर्दी होते. बारावी झालेल्या पोराला मोटारसायकल, कॉलेजला पंढरपूर नाहीतर बार्शीला जाणाऱ्या पोरीला स्कूटी, आणि घरासाठी एखादी जुनी चारचाकी. व्यवहार ठरतो तो रंग, ॲव्हरेज आणि हप्ता बघून. चालवणारा नवखा आहे, ही गोष्ट त्या बोलण्यात कुठंच येत नाही. खरं तर तिथूनच सुरुवात करायला पाहिजे. नवख्याच्या हातून चुका होणारच. त्या चुकीतून चालवणाऱ्याला सांभाळून घेईल अशी गाडी हवी, आणि चुका मोकळ्या मैदानात होऊन जाव्यात, हायवेवर होऊ नयेत, एवढा सराव हवा. यातल्या पहिल्या गोष्टीला थोडे पैसे लागतात, दुसरीला घरच्यांचा वेळ लागतो.

“बिनगिअरची आहे, चालतंय” हे चुकीचं

गावोगाव पसरलेला हा सगळ्यात मोठा गैरसमज. कायद्यात सोळाव्या वर्षी परवाना मिळतो हे खरं, पण तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचा. आज रस्त्यावर दिसणाऱ्या स्कूटी, ॲक्टिव्हा, ज्युपिटर या सगळ्या ५० सीसीच्या वरच्या आहेत. म्हणजे त्या चालवायला १८ वर्षं पूर्ण आणि लायसन, दोन्ही पाहिजे. इलेक्ट्रिकमध्ये ज्या गाडीची मोटार २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत आहे, तिलाच नंबर आणि लायसन लागत नाही. त्यापुढच्या सगळ्या इलेक्ट्रिक गाड्यांना नेहमीचे नियम लागू आहेत. दुकानदार “लायसन लागत नाही” म्हणाला तर त्याला वॅट आणि वेग कागदावर दाखवायला सांगा.

मोटार वाहन कायद्यात २०१९ ला कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर त्याचे पालक किंवा गाडीमालक दोषी धरले जातात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये अल्पवयीन मुलाच्या मोटारीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, तेव्हा मुलाच्या वडलांनाही अटक झाली होती. ती महागडी मोटार होती म्हणून राज्यभर गाजलं. कलम मात्र शेतावर डबा घेऊन जाणाऱ्या जुन्या हिरो होंडालाही तेच आहे.

विम्याचंही तसंच. चालवणाऱ्याकडं लायसन नसेल तर समोरच्या माणसाची भरपाई कोर्ट विमा कंपनीला द्यायला लावू शकतं, पण मग कंपनी ते पैसे गाडीमालकाकडून वसूल करू शकते. भरपाईचा आकडा लाखांत जातो. एका दुचाकीपायी रान विकायची वेळ येते ती अशी.

आणि ट्रॅक्टर. तेराव्या-चौदाव्या वर्षापासून पोरं रानात ट्रॅक्टर फिरवतात, त्यामुळं “ट्रॅक्टर येतो म्हणजे सगळं येतं” असं घरचे धरून चालतात. रस्त्यावर ट्रॅक्टर आणला की त्यालाही हलक्या मोटार वाहनाचं लायसन लागतं. शिवाय ट्रॅक्टरची सवय चारचाकीत नडते. वेग कमी, बसायची जागा उंच, चारी बाजूंचं दिसतं, आणि मागनं येणारा स्वतःच जपून जातो. हीच सवय घेऊन पोरगं ताशी ८० नं पळणाऱ्या मोटारीत बसलं की अंतराचा अंदाज पहिल्या दिवसापासून चुकतो.

दुचाकी घेताना

पोराची मागणी १५० नाहीतर २०० सीसीची असते. पहिल्या वर्षाला १०० ते १२५ सीसी पुष्कळ झालं. गाडीवर बसवून बघा. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले पाहिजेत, नुसती बोटं नाही. इंजिन बंद ठेवून गाडी स्वतः ढकलून, वळवून, स्टँडवर लावता आली पाहिजे. जी गाडी उभी पेलत नाही ती खडीवर वाकडी झाली की सावरत नाही. मुलींच्या बाबतीत हे हमखास विसरलं जातं. घरात मोठी स्कूटर आहे म्हणून तिलाच ती दिली जाते.

मग ब्रेक. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस आणि १२५ सीसीपर्यंतच्या गाडीला किमान सीबीएस सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एबीएसमध्ये ब्रेक कितीही करकचून दाबला तरी चाक जाम होऊन घसरत नाही. नवखा माणूस घाबरला की करकचूनच दाबतो, म्हणून ही सोय त्याच्यासाठी सगळ्यात कामाची. जुनी दुचाकी घ्यायची असेल तर एप्रिल २०१९ नंतर बनलेली बघा. आरसीवर बीएस-६ लिहिलेलं असेल तर प्रश्नच नाही, ती त्यानंतरचीच असते.

पुढच्या ब्रेकबद्दल गावात उगाच भीती आहे. “पुढचा दाबला की माणूस तोंडावर पडतो” असं ऐकत पोरं मोठी होतात आणि आयुष्यभर फक्त मागच्या ब्रेकवर गाडी चालवतात. डांबरी सडकेवर गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो, कारण ब्रेक लागला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो. हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा हळूहळू वाढवत दाबायचा. खडी, चिखल किंवा वळण असेल तिथं मात्र पुढचा झटक्यानं मारायचा नाही. हे तोंडी सांगून येत नाही. मैदानात वीस-पंचवीस वेळा थांबवून बघितलं की येतं.

गाडी घरी आली की आरसे काढून टाकायची फॅशन आहे. साडीगार्डही काढतात. आरसे काढलेली गाडी नवख्याला देऊ नका; मागं बघायला त्यानं मान वळवली की हँडलही त्याच बाजूला वळतं. साडीगार्ड ओढणीसाठीही तितकंच गरजेचं आहे.

हेल्मेट गाडीच्या व्यवहारातच धरा. आयएसआय मार्क आणि आयएस ४१५१ हा आकडा बघा, हनुवटी झाकणारं घ्या, घालून मान हलवल्यावर ते डोक्यावर फिरता कामा नये. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना आधी निघून जातं.

जुनी चारचाकी: आधी वर्ष बघा, मग मॉडेल

दीड-दोन लाखांत मिळणारी दहा-बारा वर्षांची मोटार “शिकायला बरी” म्हणून घेतली जाते. शिकून झाल्यावर मात्र सगळं घर त्याच गाडीतून तुळजापूरला निघतं, चालवायला तोच नवखा. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात खपणाऱ्या काही छोट्या गाड्या आदळवून बघितल्या होत्या. एअरबॅग नसलेल्या त्या गाड्यांना मोठ्या माणसाच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. त्या काळातल्या कितीतरी गाड्या आजही बाजारात हातोहात फिरतायत.

त्यानंतर नियम बदलले. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस, १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, बेल्ट न लावल्यास वाजणारा इशारा, वेग वाढल्यावरचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. २०२२ पासून शेजारच्या सीटलाही एअरबॅग आली. म्हणून हिशेब सोपा ठेवा. जमलं तर २०२२ किंवा नंतरची, नाहीतर निदान जुलै २०१९ नंतरची गाडी. यात नोंदणीच्या तारखेपेक्षा गाडी बनल्याचा महिना महत्त्वाचा, तोही आरसीवर असतो. मोठी आणि जुनी यापेक्षा छोटी आणि अलीकडची गाडी नवख्याच्या हातात बरी.

नवी घ्यायची असेल तर ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपचे तारे बघा. पाचपैकी किती, आणि मुलांच्या सुरक्षेचे वेगळे किती, हे दोन्ही विचारा. ही चाचणी कंपन्यांना सक्तीची नाही, त्यामुळं प्रत्येक गाडीला तारे असतीलच असं नाही. पैसे उरले तर सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनच्या आधी ईएससी असलेलं मॉडेल घ्या. ईएससी म्हणजे गाडी वळणावर घसरायला लागली की एकेका चाकाचा ब्रेक आपोआप लावून तिला सावरणारी यंत्रणा.

“जीपसारखी उंच गाडी घ्या, धडकेत काही होत नाही” असंही सांगितलं जातं. उंच गाडीचा तोल वर असतो. नवख्यानं घाबरून एकदम स्टेअरिंग ओढलं की ती पलटी व्हायची शक्यता खालच्या गाडीपेक्षा जास्त. आणि आतल्या माणसांनी बेल्ट लावला नसेल तर गाडी किती का दणकट असेना, माणूस आतल्या आत आदळतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, तेव्हा ते चांगल्या भारी गाडीत मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. मागं बसणाऱ्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे, हे बऱ्याच जणांना अजून माहीत नाही.

जुनी गाडी बघायला जाताना मेकॅनिक सोबत न्याच. पण काही गोष्टी कुणालाही तपासता येतात. इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवा. मीटरमध्ये एअरबॅगचा आणि एबीएसचा असे दोन दिवे लागले पाहिजेत. एअरबॅगचा काही सेकंदांत विझतो, एबीएसचा काही गाड्यांत इंजिन सुरू झाल्यावर किंवा थोडं चालवल्यावर विझतो. दिवा विझलाच नाही तर यंत्रणेत बिघाड आहे. दिवा लागलाच नाही तर संशय जास्त, कारण एअरबॅग उडून गेलेल्या गाडीत ती परत न बसवता दिव्याचीच वायर काढून ठेवलेली असू शकते. प्रत्येक सीटचा बेल्ट झटक्यानं ओढून बघा, तो जागेवर अडकला पाहिजे. कार्पेट उचलून खालचा गंज आणि वाळलेला गाळ बघा, पुरात बुडालेल्या गाड्या पुसून-धुऊन विकल्या जातात. टायरच्या बाजूला कोरलेल्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलायचा खर्च भावातून कमी करून मागा. समोर लोखंडी गार्ड बसवलेला असेल तर काढून टाका. त्यावर बंदी आहेच, शिवाय धक्का कुठून किती बसला हे एअरबॅगच्या सेन्सरला त्यामुळं नीट कळत नाही.

ड्रायव्हिंग स्कूल: किती दिवस नाही, किती तास ते विचारा

लर्निंग लायसन आता आधार कार्डावर घरबसल्या निघतं. परीक्षेत ६० टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. ही परीक्षा बऱ्याच ठिकाणी नेट कॅफेवालाच सोडवून देतो आणि पोराला “नो ओव्हरटेकिंग”ची पाटी शेवटपर्यंत ओळखू येत नाही. परीक्षा त्यालाच देऊ द्या. नापास झाला तरी परत देता येते.

लर्निंग सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसनची चाचणी देता येते. या काळात पुढं-मागं लाल रंगातला “एल” लावायचा. चारचाकीत शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस बसलेला पाहिजे, म्हणजे वेळ पडली तर तो हँडब्रेक ओढेल. दुचाकीवर मागं शिकवणाऱ्या लायसनधारकाशिवाय कुणालाही बसवायला परवानगी नाही. म्हणजे लर्निंगवर मैत्रिणीला मागं घेऊन कॉलेजला जाणं नियमात बसत नाही.

नियमाप्रमाणं मोटार ट्रेनिंग स्कूलनं चारचाकीचं शिक्षण किमान २१ दिवस द्यायचं असतं आणि त्यात प्रत्यक्ष स्टेअरिंगवर किमान १० तास मिळायला पाहिजेत. व्यवहारात काय होतं? एका गाडीत चार शिकाऊ, प्रत्येकाला पंधरा मिनिटं, एकच ठरलेला रस्ता. २१ दिवस भरतात, पण हातात पाच-सव्वापाच तास पडतात. म्हणून पैसे भरण्याआधी रोज किती मिनिटं चालवायला देणार ते विचारा. गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेक आहेत का बघा. एक दिवस अंधार पडल्यावर आणि एक दिवस हायवेवर नेणार का, हेही आधीच ठरवून घ्या. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी नियम केले, त्यात हलक्या वाहनाचं शिक्षण २९ तासांचं ठेवलंय. आपल्या तालुक्यात असं केंद्र नसलं तरी आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्कूलमधले दहा धरले तरी बाकीचे तास घरच्यांनीच भरून काढायचे आहेत.

आरटीओ कॅम्पला “आठ” नाहीतर “एच” काढून दाखवला की लायसन मिळतं. त्यात तिसरा गिअरही पडत नाही.

बाकीचे तास आपल्या रस्त्यांवर

शिकवायला घरातला सगळ्यात पट्टीचा ड्रायव्हर नको, सगळ्यात शांत माणूस पाहिजे. चुलता शेजारी बसून ओरडत असेल तर पोरगं रस्त्याकडं कमी आणि चुलत्याच्या तोंडाकडं जास्त बघतं.

पहिले चार-पाच दिवस शाळेचं मैदान नाहीतर बाजार नसेल त्या दिवशी बाजारतळ. दुचाकीवर सुरुवात ॲक्सिलेटरनं करू नका. इंजिन बंद ठेवून कुणीतरी ढकलायचं आणि शिकणाऱ्यानं ब्रेक लावून थांबायचं. स्कूटीवर नवखी पोरगी घाबरली की मूठ घट्ट आवळते आणि गाडी आणखी पळते. घाबरल्यावर मूठ सोडायची आणि बोटं ब्रेकवर, हे हाताला आधी कळलं पाहिजे. मग शिवरस्ता, मग गाव, मग दिवसाचा तालुक्याचा रस्ता.

हायवेला घाई नको. आपल्याकडं पालखी मार्ग चौपदरी काँक्रीटचे झाले, टेंभुर्णी-मोहोळकडून पुणे-सोलापूर हायवे जातोच. वाडीवरून येणारा रस्ता थेट या सडकेला मिळतो. मागनं शंभरच्या वेगानं येणारी मोटार लांब दिसते आणि दोन-तीन सेकंदांत अंगावर येते. नवख्याला आधी रस्त्याकडेला उभं करून गाड्या नुसत्या मोजायला लावा: ती लाल गाडी खांबापासून इथं यायला किती आकडे लागले? दहा मिनिटांत डोळ्याला वेग कळायला लागतो. आणि दुभाजकाचा कट लांब आहे म्हणून उलट्या बाजूनं जायची सवय पहिल्याच दिवशी लावू नका. घरचे जसे जातात तशीच पोरं जातात.

रात्रीचं सगळ्यात अवघड. गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या रात्रभर कारखान्याकडं चाललेल्या असतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. वाढे लोंबलेले, त्यामुळं मागून नुसता काळा ढीग दिसतो. इथं हिशेब वेगाचा आहे. ताशी ४० नं जाणाऱ्याला ट्रॉली दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत साधारण ८५ फूट लागतात. ताशी ६० ला तेच दीडशे फुटांच्या आसपास जातं, आणि हे कोरड्या रस्त्यावर, ब्रेक व्यवस्थित लावला तर. डिपरवर दुचाकीचा उजेड शंभर-सव्वाशे फुटांपुढं फारसा कामाचा नसतो. म्हणजे ६० ला ट्रॉली दिसते तेव्हा थांबायला जागाच उरलेली नसते. समोरच्यानं अप्पर मारला आणि डोळे दिपले तर तेवढंही दिसत नाही. अशा वेळी त्या दिव्याकडं न बघता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्याकडं बघायचं आणि वेग सोडायचा. पहिला हंगाम सरेपर्यंत नवख्याला रात्री एकट्याला पाठवू नये, हे उत्तम. पाठवायचंच असेल तर ४० च्या आत.

पावसाळ्यातला पहिला पाऊसही तसाच. उन्हाळाभर डांबरावर साचलेलं तेल आणि धूळ पहिल्या सरीत वर येते आणि रस्ता साबणासारखा होतो. मोठा पाऊस पडून रस्ता धुतला गेला की पकड बरी होते, म्हणजे पहिली पंधरा-वीस मिनिटं थांबलेलं बरं. रानातनं निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती, मळणीला रस्त्यावर पसरलेलं धान्य, फडातलं पाचट यांवरून जाताना ब्रेकही नको आणि वळणही नको. आधीच वेग कमी करून सरळ निघून जायचं.

लायसन हातात आल्यावरचे पहिले सहा महिने घरच्यांनी थोडं कडक राहावं. ट्रिपल सीट कायद्यानं कधीच चालत नाही, पण या काळात मित्रमंडळींना घेऊन जत्रेला, लग्नाच्या वरातीला गाडी नको. मागं कुणी बसलं की तोल बदलतो, आणि मित्र बसले की वेगही बदलतो. गाडीवर असताना पोराला फोन करू नका. आईचा फोन आहे म्हटल्यावर ते उचलतंच.

व्यवहार पक्का करताना

जुन्या गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपमध्ये टाकला की नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसीची मुदत दिसते. फायनान्सचा बोजा असेल तर आधीच्या मालकाकडून तो उतरवून घ्या. विकणाऱ्याच्या सह्यांचे फॉर्म २९ आणि ३० घेऊन गाडी लगेच नावावर करा, “बघू नंतर” करत वर्ष घालवू नका. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो. तो ज्याच्या नावावर गाडी त्यालाच, आणि त्याच्याकडं लायसन असेल तरच कामाला येतो. गाडी वडलांच्या नावावर आणि चालवणारा मुलगा, असं बहुतेक घरांत असतं. तिथं मुलासाठी वेगळं अपघात संरक्षण पॉलिसीत घालता येतं का, हे एजंटला विचारून पावतीवर लिहून घ्या. लायसन, आरसी आणि विम्याचे कागद डिजीलॉकरमध्ये उतरवून ठेवले तर तपासणीत ते चालतात. आणि मोबाईलच्या लॉक स्क्रीनवर घरच्या दोघांचे नंबर आणि रक्तगट दिसेल असं करून ठेवा.